उपवनच्या काठावरून घरी आलेले कासव : दहा महिन्यांची नोंद

रविवार, १४ जुलै २०२४. आदल्या रात्रीपासून पावसाने उसंत घेतली नव्हती. सकाळी साडेसातच्या सुमारास जरा ओसरला, म्हणून मी आणि माझे यजमान पोखरण रोडने ठाण्यातल्या उपवन तलावाकडे फिरायला निघालो, तेव्हा पदपथाच्या कडेला, गटाराच्या जाळीवर अडकलेल्या पालापाचोळ्यात एक कासव दिसले. तळहातापेक्षा थोडे मोठे, हिरवट काळपट, मान अर्धवट बाहेर आलेली आणि दोन्ही डोळे मिटलेले. पापण्या इतक्या सुजलेल्या होत्या की डोळ्यांच्या जागी दोन भिजलेले हरभरे ठेवले आहेत असे वाटावे. उचलले तरी पाय आत ओढून घेण्याचे त्राण त्याच्यात नव्हते.

भोवती चारपाच माणसे जमली आणि सगळ्यांचे एकमत झाले की समोर तलाव आहे, त्यात सोडा, मुक्या जिवाला मुक्त केल्याचे पुण्य लागेल. मलाही त्या वेळी तेच योग्य वाटले होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. आम्ही पायऱ्यांवर उतरलो आणि मी कासव काठच्या पाण्यात ठेवले. ते पोहले नाही. डावी बाजू पाण्यात कलंडली, उजवी वर उचलली गेली, आणि मान ताठ वर करून ते तोंडाने हवा घेऊ लागले. प्रत्येक श्वासाला नाकपुडीशी एक बारीक बुडबुडा येत होता. मी त्याला पाण्याबाहेर काढले, ओढणीत गुंडाळले आणि आम्ही घरी परतलो. पुढचे दहा महिने ज्या कामात गेले ते तिथून सुरू झाले. आमच्या तेव्हाच्या अज्ञानाची झळ कासवालाच बसत होती, म्हणून ही सगळी हकिकत तारखा आणि खर्चासह लिहीत आहे.

पहिला प्रश्न कायद्याचा होता. कासव घरात ठेवणे गुन्हा आहे एवढे ऐकून माहीत होते, पण कोणते कासव, हे माहीत नव्हते. दुपारी वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन लावला. तिसऱ्या प्रयत्नात तो लागला, त्यांनी नाव, पत्ता आणि जागा टिपून घेतली आणि सायंकाळी एका वनरक्षकांचा फोन आला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "मॅडम, डोळ्याच्या मागे लाल पट्टा आहे का?" मी दिव्याखाली धरून पाहिले. सुजलेल्या पापणीच्या मागे, कानाच्या जागी, विटकरी लाल रंगाची एक रेघ होती. त्यांनी पाठीचा, पोटाचा आणि डोक्याचा असे तीन फोटो मागवून घेतले आणि सांगितले की हे रेड इअर्ड स्लायडर आहे, मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातले; दुकानांतून रुपयाएवढे पिल्लू म्हणून विकले जाते आणि मोठे झाले की लोक रस्त्यावर किंवा तळ्यात सोडतात. आपल्याकडचे वन्य कासव नसल्यामुळे विभाग ते ताब्यात घेत नाही. "पण तळ्यात अजिबात सोडू नका, आणि आधी प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा," असे त्यांनी दोनदा बजावले.

तळ्यात का सोडायचे नाही, हे मी त्या रात्री वाचून काढले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जगातल्या सर्वांत त्रासदायक अशा शंभर आक्रमक प्रजातींची जी यादी केली आहे, तिच्यात हे कासव आहे. ते खादाड असते, काहीही खाते, लवकर वाढते आणि ऊन खायच्या मोक्याच्या जागा बळकावून बसते. त्याच तळ्यात आपली देशी कासवे असतील तर त्यांना ना दगड उरतो ना अन्न, शिवाय दुकानातल्या गर्दीत लागलेले आजार तळ्यात जातात ते वेगळेच. गुवाहाटीतल्या देवळाच्या तलावापासून केरळमधल्या कालव्यांपर्यंत ही कासवे सापडली आहेत, आणि केरळात तर वन संशोधन संस्थेला लोकांना आवाहन करावे लागले की घरातली स्लायडर पाण्यात सोडू नका, आमच्याकडे आणून द्या. आमच्या हातातले कासव तर आजारी होते. पायऱ्यांवर सोडून आलो असतो तर ते संध्याकाळपर्यंत बुडून मेले असते.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. तिथे कुत्र्यामांजरांचीच ये-जा होती. त्यांनी कासव हातात न घेताच, "उन्हात ठेवा आणि हे व्हिटॅमिनचे थेंब तोंडात घाला," असे सांगून ४०० रुपये घेतले. जुलैत ठाण्यात ऊन कुठून आणायचे, हा प्रश्न मी तिथेच विचारायला हवा होता. दुसऱ्या दवाखान्याने कासव पाहतच नसल्याचे स्वच्छ सांगितले, आणि ते मला पहिल्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटले. मग मी फोन करण्याची रीत बदलली. "कासव पाहता का?" असे विचारले की बरेच जण "आणा, बघू" म्हणतात, त्याऐवजी "कासवाचा एक्स-रे काढता का, आणि इंजेक्शन कुठे देता?" असे विचारायला लागले. सरपटणाऱ्या प्राण्यांचे काम केलेले डॉक्टर पुढच्या पायात असेच उत्तर देतात, कारण मागच्या पायांतले रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाते. नवव्या फोनला असे उत्तर देणाऱ्या डॉक्टर ठाणे पूर्वेला मिळाल्या. भेटीची वेळ गुरुवारची होती.

ते तीन दिवस कसे काढायचे हे त्यांनी फोनवरच सांगितले. पाण्यात ठेवू नका. फुप्फुस आजारी असलेले कासव बादलीभर पाण्यातही बुडू शकते. कोरड्या टोपल्यात ओलसर टॉवेलवर ठेवा, एका कोपऱ्यावर साधा पिवळा बल्ब लावा आणि आतली हवा तीस अंशांच्या आसपास राहील असे बघा. दिवसातून दोनदा, प्रत्येकी तासभर, फक्त अर्धे कवच भिजेल इतक्या कोमट पाण्यात आपल्या डोळ्यांदेखत बसवा. "त्याचे शरीर स्वतः ऊब तयार करत नाही. गारठ्यात औषध दिले तरी ते लागू पडत नाही. ऊब हे अर्धे औषध आहे असे समजा," असे त्या म्हणाल्या. आम्ही भाजीचा क्रेट, मोडलेल्या टेबललॅम्पचा होल्डर आणि दीडशे रुपयांचा थर्मामीटर एवढ्यावर ते जमवले. एरवी पिवळ्या बल्बकडे आमच्या घरात कोणी पाहत नाही, पण त्या आठवड्यात रात्री दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा आम्ही गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून क्रेटमध्ये ठेवत जागे राहिलो.

गुरुवार, १८ जुलै. रिक्षाने जाताना कासव पाण्याशिवाय, झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात, ओल्या फडक्यावर नेले. पाण्याच्या पिशवीतून कासव नेण्याची सवय मासे विकणाऱ्यांमुळे आपल्याला लागली आहे, ती या बाबतीत घातक आहे. डॉक्टरांनी वजन केले तेव्हा ते २६२ ग्रॅम भरले, पाठीची लांबी बारा सेंटिमीटर होती. नखे आखूड आणि शेपटी बारीक, म्हणजे मादी. कवचाच्या कडेवर अंगठ्याने हलके दाबून त्यांनी मलाही दाबायला लावले. जाड पुठ्ठा दबावा तशी ती कड आत जात होती. एक्स-रे दोन बाजूंनी काढले, एक वरून आणि एक समोरून. समोरून काढलेल्या चित्रात उजवे फुप्फुस काळे आणि मोकळे दिसत होते, डाव्यावर मात्र धुके पसरावे तसा पांढुरका डाग होता. पाण्यात ती डावीकडे का कलंडत होती, हे त्या चित्रात मला पहिल्यांदा दिसले. त्या बाजूला हवाच उरली नव्हती.

आजार तीन होते आणि तिन्हींचे मूळ एकच होते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. दुकानदार कासवाबरोबर वाळवलेल्या बारीक कोलंबीचा डबा देतात, आणि आपल्याकडे अनेक घरांत तो संपला की सुकट घालतात. नुसत्या त्या खाण्यात व्हिटॅमिन ए पुरेसे मिळत नाही. मग पापण्या सुजतात, डोळे मिटतात, श्वासमार्गाचे आतले अस्तर कमकुवत होते आणि न्यूमोनियाला वाट मोकळी होते. डोळे मिटले की कासवाला अन्न दिसत नाही, म्हणून ते खाणे सोडते. कॅल्शियम आणि अतिनील किरण न मिळाल्याने कवच मऊ पडते. "हे दोन आठवड्यांत झालेले नाही, वर्षभर तरी चालले असेल. बरे व्हायलाही तसाच वेळ लागेल," असे त्या म्हणाल्या तेव्हा मी मनात दोन महिने धरले होते. लागले सहा.

औषधाचे वेळापत्रक ऐकून मला आश्चर्य वाटले. प्रतिजैविकाचे इंजेक्शन दर तीन दिवसांनी एक, अशी सात. १८ जुलै ते ५ ऑगस्ट. कासवाच्या अंगात सगळेच संथ चालते, त्यामुळे औषधही अंगात अधिक काळ टिकते. व्हिटॅमिन एचे इंजेक्शन त्यांनी एकदाच आणि मोजून दिले. ते जास्त झाले तर कासवाची कातडी सोलवटते, म्हणून मेडिकलमधून आणून आपल्या मनाने देऊ नये, असे त्यांनी बजावले. पहिले दोन डोस दवाखान्यात झाले. पुढच्या पाच डोसांसाठी त्यांनी इन्सुलिनच्या बारीक सिरिंजा भरून दिल्या आणि त्या फ्रीझरमध्ये ठेवून, देण्याआधी तळहातात धरून वितळवायला सांगितल्या.

इथे आमच्या सासूबाईंविषयी लिहायला हवे. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि बारा वर्षे स्वतःचे इन्सुलिन स्वतः घेत आहेत. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून लहान मुले, म्हातारी माणसे आणि मधुमेही यांनी त्याला हात लावू नये, असे डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते. त्यामुळे सासूबाई दोन हात लांब खुर्चीवर बसत आणि तिथून मला शिकवत. "सुई अशी आडवी धर. घाई करू नकोस. टोचताना श्वास रोखू नकोस, तुझा हात हलतो." यजमान कवच दोन्ही हातांनी धरत, मी पुढचा पाय हलकेच बाहेर ओढून दंडाच्या फुगीर भागात सुई घालत असे. पहिल्या खेपेला माझ्याच अंगाला घाम फुटला होता. तिसऱ्या खेपेला कासवाने पाय झटक्याने आत ओढून घेतला, आणि मला त्याचा राग येण्याऐवजी बरे वाटले, कारण आठवड्यापूर्वी त्याच्यात तेवढीही ताकद नव्हती. त्याच दिवशी सासूबाई तिला "बाय" म्हणू लागल्या, आणि तेच नाव पडले.

स्वच्छतेचे नियम आम्ही त्याच वेळी ठरवून टाकले. बायची बादली, मग आणि फडकी वेगळी. तिचे पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत कधीही ओतायचे नाही, संडासातच ओतायचे. आणि हात लावल्यावर साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. कासव पाळणाऱ्या घरांत हे पाळले जात नाही असे मी नंतर पाहिले, म्हणून आवर्जून सांगते.

खाणे बंद असल्यामुळे दर आठवड्याला डॉक्टर नळीने पातळ अन्न पोटात सोडत. प्रत्येक वेळचे ४०० रुपये, अशी तीन वेळा. डोळे रोज कोमट सलाइनच्या बोळ्याने पुसायचे होते. मला त्या दिवसांत संतांनी वारंवार दिलेला कासवीचा दृष्टान्त आठवत असे, की ती पिलांना नुसत्या नजरेने वाढवते. आमच्या कासवीची नजरच बंद होती. शनिवारी, ३ ऑगस्टला सकाळी बोळा फिरवताना उजव्या पापणीच्या फटीतून पिवळसर पापुद्रा सुटून आला, वरणावरची साय निघावी तसा, आणि त्यामागे डोळा दिसला: हिरवट पिवळा, मधून आडवी काळी रेघ गेलेला. तो डोळा माझ्या बोटावर स्थिरावला. मी बोट डावीकडे नेले, डोळाही तिकडे वळला. दुसरा डोळा त्यानंतर तीन दिवसांनी उघडला.

पहिला घास तिने शुक्रवारी, ९ ऑगस्टला घेतला. त्या दिवशी नागपंचमी होती. आमच्याकडे नागपंचमीला काही चिरत नाहीत, म्हणून सासूबाईंनी आदल्या रात्रीच मला लाल भोपळा किसून ठेवायला लावला होता. ही कासवे घास पाण्यातच गिळू शकतात, कोरड्या जमिनीवर नुसते तोंडात धरून बसतात, हे ठाऊक नसल्यामुळे आधीचे दोन दिवस आम्ही क्रेटमध्ये ताटली ठेवून निराश होत होतो. अंघोळीच्या उथळ पाण्यात चिमूटभर कीस टाकला, तो तरंगत तिच्या नाकासमोर आला, तिने मान थोडी मागे घेतली आणि एकदम पुढे करून तो तोंडात ओढला. मग आणखी. सात घास मी मोजले.

यानंतरची चूक संपूर्णपणे माझी आहे. इंजेक्शने संपली होती, बाय खात होती, पाण्यात सरळ तरंगत होती, त्यामुळे फेरतपासणीच्या आधीच, १८ ऑगस्टला, मी तिला खोल टबात सोडले. पाणी इमारतीच्या टाकीतून थेट भरले, हीटर चालू केला आणि पाणी कोमट होण्याची वाट न पाहता कामाला लागले. पावसाळ्यातले ते पाणी गार होते. चौथ्या दिवशी नाकाशी पुन्हा बुडबुडे आले आणि तोंड उघडून श्वास घेणे सुरू झाले. दुसरा एक्स-रे काढला, १,२०० रुपये. डावा डाग अर्धा उरलेला होता आणि त्याने पुन्हा डोके वर काढले होते. आणखी पाच इंजेक्शने, पुन्हा कोरडे टोपले. त्या रात्री मला झोप लागली नाही. डॉक्टर रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की दिसायला बरे होणे आणि आतून बरे होणे यांत कासवाच्या बाबतीत महिन्याभराचे अंतर असते. म्हणून ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की शेवटच्या एक्स-रेआधी खोल पाणी देऊ नका, आणि पाणी बदलताना नवे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवा, म्हणजे क्लोरीनही उडून जाईल आणि थर्मामीटर बुडवून खात्रीही करता येईल. आजारपणात २८ ते ३० अंश, बरे झाल्यावर २४ ते २८ पुरेसे असते.

गणपतीच्या दिवसांत, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, शेजारच्या मजल्यावरचे काका दर्शनाला आले आणि बायला पाहून सहज म्हणाले, "आमच्याकडेही आहे एक, गच्चीवरच्या टबात." मी बघायला गेले. टबात मऊ, चामड्यासारख्या पाठीचे, लांब नाकाचे, अंगावर पिवळे ठिपके असलेले कासव होते. मागचे पाय आत घेतले की पोटाकडून दोन झडपा त्यावर बंद होत. हे आपले देशी फ्लॅपशेल, भातखाचरांत आणि तळ्यांत राहणारे. दोन वर्षांपूर्वी मुरबाडकडच्या शेतावर नातवाला ते सापडले आणि काकांनी हौसेने घरी आणले होते. त्यांना कल्पनाही नव्हती की वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये या कासवाचे नाव आहे, म्हणजे ज्या अनुसूचीत वाघ आहे त्याच अनुसूचीत. आणि ते बाळगणे हा किमान तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेल्या स्टार कासवाचेही तसेच. वास्तूसाठी शुभ म्हणून ते घराघरांत ठेवतात, पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर तेही अनुसूची एकमध्येच आहे.

काका घाबरले. रात्रीच तलावात नेऊन सोडतो म्हणाले. दोन वर्षे टबात डाळभात खाल्लेले कासव अंधारात कुठल्याही पाण्यात टाकणे म्हणजे पुन्हा तेच झाले असते जे मी १४ जुलैला करत होते, म्हणून मी त्यांना थांबवले आणि त्याच वनरक्षकांना त्यांच्यासमोर फोन लावला. स्वतःहून आणून देणाऱ्याला कायद्यात सूट आहे असे मी कोणालाही सांगणार नाही, तो निर्णय अधिकाऱ्यांचा असतो. आमच्या बाबतीत मात्र वागणूक समजुतीची होती. शुक्रवारी, २० सप्टेंबरला आम्ही दोघे कार्यालयात गेलो. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावाने साध्या कागदावर अर्ज, त्यात कासव कधी, कुठे आणि कसे मिळाले याची सरळ हकिकत, आधार कार्डाची प्रत, कासवाचे दोन फोटो. वनपालांनी काकांचा जबाब लिहून घेतला, दोन पंचांसमोर पंचनामा केला, त्यात लांबी, वजन आणि प्रकृती नोंदवली. एक पंच मी होते. ऑनलाइन कामाच्या दिवसांतही कार्बन लावून तीन प्रती हाताने लिहिल्या गेल्या आणि या सगळ्याला सव्वादोन तास लागले. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. ही पोच काकांनी अजून देवघराच्या खणात ठेवली आहे. पशुवैद्यकीय तपासणी करून, ते स्वतः भक्ष्य पकडू शकते याची खात्री झाल्यावरच सोडायचे की नाही ते ठरेल, असे आम्हाला सांगण्यात आले. नातू बरोबर आला होता. तो निघताना रडला, आणि वनपालांनी त्याला जवळ बसवून कासवाच्या मागच्या झडपा कशा मिटतात ते दाखवले.

बायसाठी असे कोणतेही कार्यालय नव्हते. दोन संस्थांनी जागा नाही म्हणून नम्रपणे नकार दिला, एका प्राणिसंग्रहालयाने परदेशी स्लायडर घेत नसल्याचे कळवले. एक गृहस्थ न्यायला तयार होते, पण त्यांच्या घरी काचेचा दीड फुटी पेटारा होता. मादी स्लायडर पाऊण ते एक फुटापर्यंत वाढते आणि वीस ते तीस वर्षे जगू शकते. मी त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी पुन्हा फोन केला नाही, आणि ते बरेच झाले. दसऱ्यापर्यंत आम्ही घरात बसून ठरवले की बाय इथेच राहील. माझे वय सेहेचाळीस आहे. तीस वर्षांचा हिशेब मांडताना आमच्या मुलीलाही त्या बैठकीत बसवले आणि तिचे मत घेतले, कारण पुढचा भार तिच्यावर येणार आहे.

कायमची सोय करताना सर्वाधिक विचार वजनाचा केला. कवचाच्या दर इंचाला सुमारे चाळीस लिटर पाणी धरतात. पाच इंचाच्या बायला दोनशे लिटर, म्हणजे दोनशे किलो. हे बाल्कनीच्या बाहेर काढलेल्या भागावर ठेवायचे नाही, असे इमारतीचे काम पाहणाऱ्या अभियंत्यांनी सांगितले, म्हणून टब हॉलमध्ये खांबालगत ठेवला. टब २,२०० रुपये, तळ्यातल्या घाणीला पुरेल असा मोठा फिल्टर ३,४०० रुपये. ऊन खायला पाण्याबाहेर एक लाकडी फळी, तिच्यावर बल्बची ऊब ३२ ते ३५ अंश, आणि अतिनील किरण देणारी यूव्हीबी ट्यूब एका फुटाच्या आत. ही ट्यूब जुलैतच २,९०० रुपयांना घेतली होती. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामाचे नाही, कारण काच ते किरण अडवते, आणि ट्यूबवर काचेचे झाकण ठेवले तरी तेच होते.

कॅल्शियमसाठी डॉक्टरांनी कटलफिशच्या हाडाचे नाव सांगितले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर समुद्रफेन." स्टेशनजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात साठ रुपयांत दोन मोठे तुकडे मिळाले. पाठीचा कडक पापुद्रा चाकूने काढून टाकायचा आणि मऊ पांढरा भाग पाण्यात तरंगत ठेवायचा. ती स्वतः कुरतडते. खाण्यात आता शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, तळ्यातल्या वनस्पती आणि आठवड्यातून दोनदा लहान आख्खी मासळी असते. सुकट बंद, पालकही नेहमीचा नाही.

१७ जानेवारी २०२५ ला तिसरा एक्स-रे झाला आणि दोन्ही फुप्फुसे सारखीच काळी, मोकळी दिसली. डॉक्टरांनी त्याच जागी अंगठा दाबून पाहिला आणि मलाही दाबायला सांगितले. कड दबली नाही. हिवाळ्यात त्या आठवड्यात ठाण्यातही पहाटे चांगलाच गारठा होता, पण हीटर जागेवर होता आणि खाणे एकही दिवस चुकले नाही.

खर्च विचारला जातो म्हणून सांगते. पहिल्या दवाखान्याचे ४०० धरून औषधपाण्याला साधारण दहा हजार आणि साहित्याला दहा हजारांच्या थोडे वर, रिक्षाभाडे आणि वाढलेले वीजबिल वेगळे. हा पैसा एकदम लागत नाही, पण पहिल्या आठवड्यात सहासात हजार हाताशी असावे लागतात, त्याच वेळी तो खर्च सर्वांत उपयोगी पडतो.

परवा, ११ मे रोजी, स्वयंपाकघरातल्या नव्हे तर तिच्यासाठी वेगळ्या आणलेल्या काट्यावर बायचे वजन ४६८ ग्रॅम भरले. दुपारी ती फळीवर चढून चारही पाय ताणून, मागची पावले पंख्यासारखी पसरून ऊन खाते आणि सासूबाई समोरच्या खुर्चीवरून हरिपाठ म्हणत तिच्याकडे पाहत असतात. यूव्हीबी ट्यूब उजेड देत राहिली तरी तिचे किरण वर्षभरात क्षीण होतात, म्हणून ती २० जुलैला बदलायची आहे, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेभोवती मुलीने लाल गोल काढून ठेवला आहे.